नग एक, स्थिती चालू

मार्चअखेरची मोजणी.
जिवंत प्राण्यांसाठी कार्यालयात वेगळा तक्ता नाही,
म्हणून जडवस्तूंचाच घेतलाय:
अनुक्रमांक, वस्तूचे नाव, नग, स्थिती, शेरा.
मागच्या पानावर पंखे आहेत, दोन लोखंडी कपाटं,
आणि एक खुर्ची, जिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव
चार वर्षं फिरतोय.

तळमजला. थंड पाण्याचा विभाग. काटा नऊवर.
बाहेर चौपाटीवर गोळेवाल्याचा बर्फ
तोंडात जाण्याआधी मनगटावर ओघळतो.
इथं ती दमट हवा आत शिरते, काचेला टेकते,
आणि टाक्यांना घाम फुटतो.
प्राणी दिसण्याआधी काच पुसावी लागते.
ते काम चांगुणा तांडेल यांचं.
फडकं पुढे, मागून मी आणि वही.

टाकी एक. राखाडी, लांब, सुरकुतलेली तोंडं,
पेन्शनच्या रांगेत पाहिल्यासारखी.
चांगुणाबाई म्हणाल्या, "यो वाम नाय. वामचा सासरा हाय."
मी लिहिलं: वाम, परदेशी. नग दोन.
एकाच बिळात. एकमेकांवर हनुवटी ठेवून.
त्याला रकाना नाही.

टाकी दोन. तारामासा, मोठा, शेंदरी.
बाहू मोजले: एकोणीस.
मागच्या वर्षी वीस. फरकाचं कारण द्यावं लागतं.
पुन्हा मोजले, टॉर्च लावून.
विसावा होता, करंगळीच्या नखाएवढा, नवा फुटत असलेला.
शेरा: दुरुस्ती सुरू.

टाकी तीन. काटेरी चिंबोरी.
आधी वाटलं दोन. एक हलेना.
कवच टाकून ती बाजूला बसलेली,
मऊ, गुलाबी, कुणी बघू नये अशी.
नग एक.
"आनि ती रिकामी?"
"ती धरत नाहीत, बाई."
"कालपरत तीच व्हती नं?"

टाकी चार. गोळामासा, मेदूवड्याएवढा,
पोटाच्या चकतीनं काचेला चिकटलेला.
बाईंचं फडकं बाहेरून सरकतं तसा तो आतून सरकतो.
हे रोज होतं म्हणे.
मी तिथं जरा जास्त वेळ थांबलो. लिहिलं काहीच नाही.

पाच आणि सहा रिकाम्या. कशामुळे ते मागच्या वहीत आहे.
दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका रात्री
काटा सतरावर गेला होता.
मुनाफ मिस्त्री कळव्याहून टॅक्सीनं आले,
कॉम्प्रेसरला कान लावून बसले, भाडं स्वतः भरलं.
उजाडेपर्यंत आम्ही बर्फाच्या लाद्या वाहत होतो,
ससून डॉकवरून आणलेल्या, मासळीचा वास असलेल्या.
त्या पानावर बारा ओळी लाल शाईत आहेत.
अक्षर माझं.

टाकी सात.
वाळू. पाणी. एक दगड.
नोंद सांगते: चपटा मासा, थंड समुद्रातला, नग एक.
त्या रात्रीनंतर कुणी पाहिलेला नाही.
मेलेलाही पाहिलेला नाही.
साहेब म्हणतात, टाका निर्लेखनात, टाकी तरी सुटेल.
मी गुडघे टेकले. वीस मिनिटं.
वाळूला डोळे असतात असं ऐकून होतो;
असतील, तर त्यांनीच मला पाहिलं.
पाय मुंग्यांनी भरले. उठलो.

दिसला नाही आणि नाही,
या दोहोंसाठी तक्त्यात एकच जागा आहे,
तीसुद्धा अर्ध्या इंचाची.

"लेपी हाय ती," बाई बादली पिळता पिळता म्हणाल्या,
"दिसली त लेपी कसली?"
मग आवाज खाली आणून, चोरी कबूल करावी तशा:
"रोज सांजचे येक कोलबी टाकतंय मी. माज्या डब्यातली."

मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

अनुक्रमांक एकतीस. लेपी. नग एक. स्थिती चालू.
शेरा: कोळंबी सकाळी नसते.